शंका-समाधान : भोरड्या मोजायच्या कशा?

प्रश्न : बाजरी निसवली की आमच्या शिवारात भोरड्या (गुलाबी मैना) उतरतात आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या बाभळींवर जमतात. कुणी दोन हजार म्हणतं, कुणी दहा हजार. आकडा काढायचा कसा?
– एक वाचक, परतूर

उत्तर : शिवारात मोजूच नका. गोफण फिरली की तोच थवा शेजारच्या रानात बसतो आणि दोनदा मोजला जातो. भोरड्या रातथाऱ्याला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, येताना मोजाव्यात. सूर्य मावळायच्या तासभर आधी बाभळींपासून दीड-दोनशे मीटर दूर उभे राहा. विजेचा खांब आणि एखादं झाड यांच्यामध्ये मनाशी रेघ धरा. रेघ ओलांडून आत येणारेच मोजायचे, उलट बाहेर गेलेले वजा करायचे. थवे चहूबाजूंनी येत असतील तर माणसं वाढवून दिशा वाटून घ्या. मोजणाऱ्याने वहीत डोकं घालू नये, लिहायला दुसरा हवा.

थवा मोठा असला तर आधी दहा पक्षी एकेक करून मोजा. ते आकाशात किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा. तसे दहा ठोकळे म्हणजे शंभर. मग शंभराच्या मापाने सगळा थवा मोजा. गोची अशी, की थवा मधे दाट आणि कडेला विरळ असतो, त्यामुळे माप दोन्हीकडून घ्यावं लागतं. वळताना तो आक्रसतो, तेव्हा कमीच दिसतो. लांबट पसरला की मोजा. त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढा आणि घरी त्यावर ठिपके देत ताळा करा. बहुतेकांचा अंदाज कमीच निघतो. सरावाला ज्वारी पुरते : ताटात मूठभर दाणे फेका, पाच सेकंद पाहा, आकडा बोला, मग मोजा.

त्याच बाभळींवर साळुंक्या आणि भांगपाडी मैनाही मुक्कामाला असतात, ते वेगळे धरा. मातकट अंगाचे, पिवळसर चोचीचे पक्षी मात्र भोरड्यांचीच यंदाची पिल्लं आहेत.

प्रश्न : बाभळीत बारीक हिरवट-तपकिरी पक्षी वळवळतात, ओळख पटत नाही. मोजणीत धरावेत?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : धरा, पण नाव ओढूनताणून लावू नका. हे वटवट्ये, म्हणजे किडे टिपणारी चिमुकली पाखरं; ‘वटवट्या, जात अनिश्चित – ३’ ही उत्तम नोंद आहे. हिरवट वटवट्या शेंड्याकडे असतो, ‘चि-स्वी’ असं दुपदरी बोलतो. त्याच्या पंखावरची फिकट पट्टी या दिवसांत झिजून गेलेली असू शकते, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नये. घाणेरीच्या जाळीत खाली ‘चक्, चक्’ करणारा तपकिरी तो ब्लिथचा बोरू वटवट्या. इथे दुर्बिणीपेक्षा कान उपयोगी पडतो.

प्रश्न : येडशीच्या अभयारण्यात वरचेवर जाणं होत नाही. गावच्या ओढ्याकाठची मोजणी उपयोगाची आहे का?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : आहे, वाट आणि वेळ ठरलेली असेल तर. एक किलोमीटर, चाळीस मिनिटं, उजाडल्यावर अर्ध्या तासात सुरुवात, आठवड्यातून एकदा, सप्टेंबर ते नोव्हेंबर. हिवाळी पाहुण्या पाखरांपैकी करडा धोबी आधी दिसेल, कृष्ण थिरथिरा मागाहून. वारा सुटला किंवा पाऊस असला तर दुसऱ्या दिवशी जा. काहीच दिसलं नाही तरी तारीख टाकून शून्य लिहा. ते पान कोरं ठेवलंत, तर पाखरं आली नव्हती की तुम्हीच गेला नव्हता, हे पुढे कळणार नाही.