धर्माभ्यासक पर्यावरणाकडे कसे वळले?

प्रश्न : धर्मग्रंथ आणि कर्मकांड यांचा अभ्यास करणारे विद्वान अलीकडे जंगल, पाणी आणि हवामानबदल यांवर लिहू लागले आहेत. हे काम शास्त्रज्ञांचे नव्हे काय?

उत्तर : या चर्चेला मोठी चालना मिळाली ती १९६७ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखामुळे, आणि गंमत अशी की त्याचे लेखक लिन व्हाइट हे मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार होते. निसर्ग माणसाच्या उपयोगासाठीच आहे ही पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणा पर्यावरणसंकटाच्या मुळाशी असल्याचे त्यांनी मांडले. त्यावर धर्मशास्त्रज्ञांनी बायबलमधील वचनांचा अर्थ नव्याने लावायला सुरुवात केली, आणि पुढे इतर धर्मांचे अभ्यासकही आपापल्या ग्रंथांतील निसर्गविचार शोधू लागले. १९९६ ते १९९८ या काळात मेरी एव्हलिन टकर आणि जॉन ग्रिम यांनी हार्वर्ड विद्यापीठात भरवलेल्या परिषदांच्या मालिकेने या विषयाला विद्यापीठीय ज्ञानशाखेचे रूप दिले.

मात्र ग्रंथांतून वचने वेचण्याच्या या पद्धतीला मर्यादा आहेत, असे मला वाटते. भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की, निसर्गाशी एकरूप होण्याचा आदर्श मानणाऱ्या चीनमध्येही जंगले मोठ्या प्रमाणावर तुटली. म्हणून लोक काय मानतात यापेक्षा ते काय करतात हे पाहणारे संशोधन मला अधिक मोलाचे वाटते. बाली बेटावर भातशेतीचे पाणी जलमंदिरांच्या व्यवस्थेतून वाटले जाते, आणि कोणत्या गावाने केव्हा लावणी करायची व केव्हा शेत पडीक ठेवायचे हेही तिथल्या विधींच्या वेळापत्रकाशी जोडलेले असते. शेजारची शेते एकाच वेळी पडीक राहिल्याने किडींना खाद्य उरत नाही. परंतु सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाण्याची टंचाई होते, आणि हा तोल मंदिरांच्या जाळ्यातून साधला जात असे. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाखाली शेतकऱ्यांना हे वेळापत्रक सोडून शक्य तितक्या वेळा पीक घेण्यास सांगण्यात आले, तेव्हा पाण्याची ओढाताण झाली आणि किडींचा प्रादुर्भाव वाढला. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी या व्यवस्थेचा उलगडा केला तो परिसंस्थाशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्यासह संगणकीय प्रारूप तयार करून. त्यामुळे हे काम शास्त्रज्ञांचे आहेच, पण पूजेचे वेळापत्रक ज्याला वाचता येत नाही अशा शास्त्रज्ञाला ते एकट्याने जमणारे नव्हते.