सगळ्यात हळू बोटीचा वेग

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एडनच्या आखातातून, म्हणजे येमेन आणि सोमालियामधल्या चाच्यांच्या पाण्यातून, त्या तीन शिडाच्या बोटींबरोबर जायचं की एकटीनं पुढे निघायचं, हा तुझा घोळ. त्यांच्यातली सगळ्यात हळू बोट साडेचार नॉटनं, म्हणजे तासाला साडेचार सागरी मैलांनी चालते, तुझी सातनं, म्हणून तुझी घालमेल. उत्तर आधीच देऊन टाकतो. सगळ्यात हळू बोटीच्या वेगानं जा. ते जमणार नसेल तर तिकडून जाऊच नकोस, आफ्रिकेला वळसा घाल.

आता हिशेब मांड. जहाजांसाठी तिथं आखून दिलेला पट्टा सुमारे ४९० सागरी मैलांचा. सातनं ७० तास लागतील, साडेचारनं १०९. वाचतो तो दीड दिवस. त्या पाण्यातली एक रात्र केवढी लांब असते हे मी जाणतो, त्यामुळे दीड दिवसाचा मोह मला समजतो. पण चाच्यांची स्किफ, म्हणजे छोटी वेगवान होडी, पंचवीस नॉटनं येते. तिच्यापुढे तुझे सात काय आणि त्यांचे साडेचार काय! वेगाच्या जोरावर सुटायचं तर अठराच्या वर पळावं लागतं. मालवाहू जहाजं गटागटानं सोडली जायची तेव्हा सगळ्यात मंद गटसुद्धा दहा नॉटचा असायचा, तिथंही आपल्याला जागा नव्हती. शिडाच्या बोटीला सोबत शिडाच्या बोटीचीच.

बंदुकीबद्दल तू विचारलंस आणि २००५ च्या मार्चमधली येमेनजवळची घटना पुरावा म्हणून दिलीस. माहदी आणि गँडाल्फ या दोन बोटींवर चाच्यांनी हल्ला केला, एकीवर बंदूक होती, दोन्ही सुटल्या. तुला त्यात बंदूक दिसली. अगं, दोन बोटी होत्या हे दिसलं नाही? एकीवर चढायला आलेल्यांना दुसरीवरून अडवलं. दुसरी पाच मैल पुढे गेली असती तर त्या बंदुकीचा पहिलीला काय उपयोग होता? शिवाय पुढच्या काळातले चाचे रॉकेट लाँचर घेऊन फिरत होते. बंदुकीचा विषय माझ्यापुरता संपला.

आता मी हे इतकं का रेटतोय ते सांगतो.

फेब्रुवारी २०१०. ओमानमधल्या सलाला बंदराहून आम्ही चार बोटी एडनला निघालो. बोटींमधलं अंतर एक मैलाच्या आत, रात्री दिवे बंद, रेडिओ सगळ्यात कमी शक्तीवर, ठिकाणांना आमची आमची सांकेतिक नावं. आणि पहिला नियम, वेग सगळ्यात हळू बोटीचा. ती बोट एका वयस्क जोडप्याची होती, एकतीस फुटी. तिसऱ्या रात्री तिचं इंजिन तापलं. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चक्र फाटलं होतं. वारा नव्हता. आम्ही तासभर थांबलो. मग एकानं म्हटलं, पहाटेच्या आत इथून सरकायला हवं. दुसऱ्यानं दुजोरा दिला. मी रेडिओ उचलला आणि म्हणालो, आम्ही पुढे होतो, तुम्ही दुरुस्ती करून या. पलीकडून त्या बाईंचा आवाज आला, ‘समजलं.’ एवढंच. मी मागे वळून पाहिलं तर बघायला दिवासुद्धा नव्हता. दिवे विझवायचं आम्हीच ठरवलं होतं.

माझ्या बोटीवर माझी धाकटी बहीण होती. तिची जबाबदारी माझ्यावर होती. माझं इंजिन लहान होतं, दुसरी बोट ओढत नेली असती तर वेग तीन नॉटवर आला असता. हे सगळं खरं आहे आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. पण चाळीस मीटरचा जाड दोर माझ्या पेटीत होता, तोही खरा. मुद्दाम ओढण्यासाठीच सलालात घेतला होता. त्याची गुंडाळी एडनपर्यंत सुटली नाही.

ते दोघं एक दिवस उशिरा एडनला पोचले. काही झालं नाही. मी डिंगी, म्हणजे बोटीवरची छोटी होडी, घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी माझ्या डिंगीचा दोर धरला, चहा दिला, तळहातावर ठेवून ते फाटलं चक्र दाखवलं. सहापैकी चार पाती गेली होती. त्या रात्रीबद्दल दोघांपैकी कुणीही अवाक्षर काढलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच फेब्रुवारीत क्वेस्ट या बोटीवरचे चार अमेरिकन मारले गेले, अमेरिकी युद्धनौका मागावर असताना. काही दिवसांपूर्वीच ते आपला ताफा सोडून स्वतंत्र निघाले होते. सोबत असती तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती एकतीस फुटी बोटच होती.

चाचेगिरी आता संपली, असं मात्र मला पुन्हा लिहू नकोस. १ जानेवारी २०२३ ला तिथलं ‘अतिजोखमीचं क्षेत्र’ कागदावरून काढलं, आणि त्याच डिसेंबरात रुएन हे मालवाहू जहाज पळवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलानं ते सोडवलं, तेव्हा ३५ चाचे शरण आले. त्या १७ खलाशांसाठी तरी ती तीन महिने संपली नव्हती. आणि तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं चालू असतील तर ताफाही नको, कुणीही नको. तिथं सोबतीनं काही होत नाही.

ताफ्यानं जायचं ठरलं तर निघण्याआधी सगळ्यांना एका बोटीवर बसव. एखाद्याचं इंजिन बंद पडलं तर कोण थांबणार, कोण ओढणार, डिझेल कोण देणार, हे नावानिशी लिहून घे. रात्री अडीच वाजता, घाबरलेल्या माणसांनी रेडिओवर हे ठरवायचं नसतं. आम्ही वेग ठरवला होता, थांबायचं कुणी ते ठरवलं नव्हतं. मग ओढायचा दोर बाहेर काढ, डेकवर ठेव आणि बंदरातच एकदा ती हळू बोट ओढून बघ. तिच्या मालकाला लाज वाटेल, वाटू दे.

त्या बोटीच्या पंपाची जादा चक्रं किती आहेत ते विचारून मला कळव. दोनपेक्षा कमी असतील तर तू विकत घेऊन दे. पैसे मी पाठवतो.

तुझा,
काका