सोलची पहिली कॉन्फरन्स

दक्षिण कोरियाला पहिल्यांदाच चाललायस ना? मग सगळी सेशन्स गाठायचा हट्ट सोड. माझी चूक तीच. चार दिवस एसी हॉलमध्ये काढले आणि सोल पाहिलं ते टॅक्सीच्या काचेतून.

- विमानतळावरच टी-मनी कार्ड (मेट्रो-बसचं प्रीपेड कार्ड) घे, फोनमध्ये नेव्हर मॅप (Naver, कोरियन नकाशा अ‍ॅप) टाक.
- व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं. मिळालेलं लगेच खिशात कोंबू नकोस, आधी वाच.
- शाकाहारी असशील तर जपून, किमचीतही (आंबवलेल्या भाज्यांचं कोरियन तोंडीलावणं) बहुधा मासळीचा अर्क असतो. बौद्ध मंदिरांतलं जेवण मात्र बिनकांदा-लसणाचं, थेट आपल्या नैवेद्यासारखं!

कॉन्फरन्स कोएक्स कन्व्हेन्शन सेंटरला असेल तर समोरच बोंगउन्सा मंदिर आहे, लंच ब्रेकमध्ये उरकतं. १३९५ चा ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो. हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) घालून गेलास तर तिकीट लागत नाही, लाजू नकोस.