मोठं काम करूनही नाव मागे राहिलेली स्त्री कोणती?

माझं उत्तर: वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल. आमच्या जळगावकडे पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजून, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचून भरीत करतात. पण वांग्याच्या, उसाच्या गुणसूत्रांवर आयुष्य घालवलेल्या या केरळच्या बाईचं नाव इथल्या शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

1931 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. मग कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा इतर गवतांशी, अगदी मक्याशीही संकर केला. पिकांच्या गुणसूत्रांचा मोठा कोश त्यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासोबत 1945 मध्ये काढला. पद्मश्री मिळाली ती 1977 मध्ये, ऐंशीच्या घरात. तेव्हाही केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणापासून वाचवायला त्या उभ्या होत्या.

आमच्या कृषी प्रदर्शनांत त्यांचा एक तरी फोटो लावा.