‘अजून कळलेले नाही’ : फुप्फुसातली गाठ आणि घरातली माणसे

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय 67 आहे. त्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही. दोन महिने खोकला हटेना म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. पुढे सीटी स्कॅनमध्ये ती 19 मिलिमीटरची गाठ असल्याचे कळले. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळली, पण सुईने केलेल्या बायोप्सीत ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, नमुना अपुरा आहे’ असे आले. डॉक्टर पुन्हा बायोप्सी करा म्हणतात. माझी पत्नी रात्र रात्र फोनवर वाचत बसते. मेहुण्याचे म्हणणे असे की रिपोर्ट निगेटिव्ह आला आहे, आता विषय संपवा. सासरे कोणाशीच बोलत नाहीत. सासूबाईंना ‘जुना कफ साठला आहे’ एवढेच सांगितले आहे. परवा मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून सीटीची फिल्म उजेडाकडे धरून पाहत होत्या. मला पाहताच त्यांनी ती घाईने लिफाफ्यात सरकवली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी पडलो जावई. या घरात मी किती बोलावे आणि नेमकी कशी मदत करावी?

उत्तर : ‘मी पडलो जावई’ या शब्दांतला तुमचा संकोच मला समजतो, परंतु खिडकीपाशी जे घडले त्याचे साक्षीदार तुम्ही एकटेच आहात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. त्या फिल्मवर सासूबाईंना गाठ ओळखता आली असेल किंवा नसेलही. आपल्या छातीत काहीतरी आहे आणि घरातली सगळी माणसे ते आपल्यापासून दडवत आहेत, एवढे मात्र त्यांना कळून चुकले आहे. साठलेल्या कफासाठी कोणी पेट स्कॅन करत नाही आणि छातीत सुई घालून तुकडा काढत नाही, हे ज्यांच्या अंगावर ते सगळे झाले आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांच्याशी बोलण्याआधी, नेमके काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून समजून घ्यायला हवे, कारण तुमच्याकडे एकाच रिपोर्टचे जितकी माणसे तितके अर्थ लागलेले दिसतात. फुप्फुसातल्या 30 मिलिमीटरपर्यंतच्या गोलसर डागाला डॉक्टर ‘नोड्यूल’ म्हणतात. तो कर्करोग असू शकतो. तसाच तो क्षयरोगाचा जुना किंवा चालू व्रण, बुरशीचा संसर्ग, पूर्ण न विरलेला न्यूमोनिया किंवा निरुपद्रवी गाठही असू शकतो. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या 53 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमध्ये संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी सुमारे 96 टक्के अखेर कर्करोगाचे निघाले नाहीत. तुमच्या मेहुण्यांना हा आकडा आवडेल, म्हणून पुढचे लगेच सांगतो : तिथे 4 मिलिमीटरचा डागही संशयास्पद धरला जात होता, आणि बहुतेक डाग लहानच होते. 19 मिलिमीटरच्या, पेट स्कॅनमध्ये उजळलेल्या गाठीला तो आकडा लावता येत नाही. सासूबाईंनी कधी सिगारेट ओढली नाही यानेही शंका फिटत नाही, कारण कधीही धूम्रपान न केलेल्यांना, आणि त्यांतही स्त्रियांना, हा आजार होताना आम्ही पाहतो.

तुमच्या पत्नींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पेट स्कॅनच्या वेळी साखरेसारखा किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात आणि ज्या पेशी साखर जास्त खेचतात तो भाग चित्रात उजळतो. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त खेचतात हे खरे, पण क्षयरोगाची किंवा दुसऱ्या एखाद्या दाहाची जागाही तशीच उजळते. म्हणून ‘उजळली’ या एका शब्दावरून रात्रभर वाचत बसून निदान हाती लागणार नाही.

आता बायोप्सीबद्दल. सुईतून निघणारा तुकडा दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढा असतो. गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, सुई कधी तिच्या कडेला लागते, कधी मधल्या मृत भागात जाते. जेव्हा तपासणी खरोखर दिलासा देते तेव्हा रिपोर्टमध्ये काहीतरी ठोस नाव येते, अमुक संसर्ग आहे किंवा अमुक प्रकारची निरुपद्रवी गाठ आहे असे. ‘नमुना अपुरा’ याचा अर्थ कर्करोग नाही असा होत नाही; उत्तर मिळालेच नाही असा होतो. मेहुण्यांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेले बरे, म्हणून पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. घरात वाद घालून कोणाचे मत बदलल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. डॉक्टरांनी पडद्यावर सीटीची चित्रे एकेक करून सरकवून दाखवली की मात्र बदलते.

पुन्हा सुई घालायची की दुर्बिणीतून, म्हणजे श्वासनलिकेवाटे, नमुना घ्यायचा, की शस्त्रक्रियेनेच गाठ काढून तपासायची, हे गाठीची जागा आणि सासूबाईंच्या फुप्फुसांची ताकद पाहून ठरते. सुईच्या तपासणीत साधारण पाचांपैकी एकाच्या बाबतीत फुप्फुसाभोवती थोडी हवा साठते. बहुतेकांची ती आपोआप जिरते, थोड्यांना नळी घालावी लागते. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ असे कोणीतरी सांगेलच. तसे होणे अत्यंत दुर्मीळ आहे, आणि त्या भीतीपोटी निदान न करणे हे कितीतरी जास्त धोक्याचे आहे.

घाई किती करावी, हाही प्रश्न तुमच्या घरात असणार. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या भरीव गाठीचे घनफळ दुप्पट व्हायला सर्वसाधारणपणे 100 ते 400 दिवस लागतात, काही प्रकार त्याहून वेगाने वाढतात. घनफळ दुप्पट झाले तरी व्यास फक्त चौथ्या हिश्शाने वाढतो, म्हणजे 19 मिलिमीटरची गाठ 24 च्या आसपास जाते. त्यामुळे योग्य तपासणी ठरवण्यात आठ-दहा दिवस गेले म्हणून पत्नींनी स्वतःला दोष देऊ नये. पण विषय मिटवून महिने घालवणे ही वेगळी गोष्ट आहे. थुंकीतून रक्त पडू लागले, धाप एकाएकी वाढली, चेहरा किंवा मान सुजली, पायांतली ताकद गेली, बोलण्यात गोंधळ दिसू लागला किंवा डोके सारखे दुखू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता सासूबाईंना सांगण्याबद्दल, ज्यासाठी खरे तर तुम्ही पत्र लिहिले आहे. रुग्णापासून लपवावे असे वाटणे हे तुमच्याच घराचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत 1961 मध्ये डॉक्टरांना विचारले होते, तेव्हा त्यांतले सुमारे 90 टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगणेच पसंत करत होते. 1979 मध्ये तेच प्रश्न विचारले तेव्हा 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत डॉक्टरांचे मत उलटले. मी स्वतः छातीच्या वॉर्डात काम करताना एका गृहस्थांना निदान सांगितले, तेव्हा त्यांनी आजाराबद्दल काहीच विचारले नाही. पहिला प्रश्न आला तो असा : ‘माझ्या बायकोला हे कधीपासून ठाऊक आहे?’ त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. पुढच्या उपचारात त्या दोघांमध्ये जे अवघडलेपण राहिले ते गाठीने आणलेले नव्हते.

सगळे एका दमात सांगून टाका असे मी म्हणत नाही. वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत 2000 मध्ये कर्करोगतज्ज्ञांनी मांडली, आणि तिच्यात सांगण्याच्या आधी दोन प्रश्न येतात : तुम्हाला काय वाटते आहे, आणि तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे. हे प्रश्न घरातही विचारता येतात. पत्नींना आणि सासऱ्यांना आधी विश्वासात घ्या, आणि मग जिचे त्यांच्याशी सर्वांत सहज जमते तिने, म्हणजे बहुधा मुलीने, त्यांच्याजवळ बसून विचारावे : ‘आई, एवढ्या तपासण्या चालल्या आहेत, तुला काय वाटते आहे?’ आणि नंतर गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलू नये. त्या म्हणाल्या, ‘मला सगळे सांगा,’ तर सांगावे. त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच बघा, मला नको,’ तर तोही त्यांचा अधिकार आहे. मात्र तो निर्णय त्यांचा असावा, तुमचा नव्हे. त्यांनी सरळ ‘कॅन्सर आहे का?’ असे विचारले, तर ‘काही नाही ग’ हे खोटे आहे आणि ‘हो’ हेही आज खोटेच आहे. खरे उत्तर एकच आहे : ‘अजून कळलेले नाही. शंका आहे, म्हणून पुन्हा तपासायचे आहे. कळेल ते तुला सांगू.’ हेच वाक्य सासऱ्यांनाही म्हणता येईल, मेहुण्यांनाही, आणि फोनवर चौकशी करणाऱ्या नातेवाइकांनाही. त्यात आशा दाखवावी लागत नाही आणि धीर सोडावा लागत नाही. ते म्हणायला सुरुवातीला अवघड जाते, मग सवय होते.

तुमचे काम जावयाचे आहे म्हणून कमी नाही. थोडे अंतर असलेल्या माणसाचे हात अशा वेळी मोकळे असतात. एक वही करा. तिच्यात तपासण्यांच्या तारखा, चालू औषधे आणि विचारायचे प्रश्न लिहा, आणि डॉक्टरांचे उत्तर तिथेच बसून त्यांच्याच शब्दांत टिपा, कारण धास्तावलेल्या माणसाला खोलीबाहेर आल्यावर निम्मे आठवत नाही. विचारा, की नमुना अपुरा होता म्हणजे नेमके काय झाले. पुढची तपासणी कोणत्या मार्गाने आणि का. छातीरोगतज्ज्ञ, स्कॅन वाचणारे, पेशी तपासणारे आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एकत्र बसून या केसवर चर्चा करणार आहेत का. आणि कर्करोग निघालाच तर जनुकीय तपासण्यांना पुरेल एवढा नमुना या वेळी घेता येईल का. शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मग तिसऱ्यांदा सुई घालावी लागते. निदान न होता एखादे औषध ‘घेऊन बघू’ म्हणून सुरू झाले, तर किती दिवसांनी आणि कशावरून ठरवणार, हेही विचारून तारीख लिहून घ्या.

पत्नींना ‘वाचू नकोस’ म्हणून उपयोग होणार नाही. मनात येणारा प्रत्येक प्रश्न त्यांनी त्या वहीत लिहावा आणि वही रात्री मिटावी, एवढे सुचवा. सासऱ्यांना बोलते करण्याचा प्रयत्न करू नका. त्यांना काम द्या. फाइल सांभाळणे, गाडीची वेळ पाहणे, औषधे मोजून ठेवणे यातले काहीही चालेल. न बोलणारी माणसे अशा कामांतून पुष्कळ बोलतात.

रिपोर्ट कर्करोगाचा आला, तरी लगेच सगळे स्पष्ट होत नाही, याची तयारी ठेवा. प्रकार ठरतो, मग आजार किती पसरला आहे हे पाहतात, मग जनुकीय तपासण्या होतात आणि त्यांना दोन-तीन आठवडे लागू शकतात. या तपासण्यांवरच गोळ्यांचा उपचार चालेल की नाही हे अवलंबून असते आणि धूम्रपान न केलेल्या स्त्रियांमध्ये तशी शक्यता जास्त असते. तेव्हाही घरात हेच म्हणावे लागेल, की पुढचे अजून कळलेले नाही. त्या टप्प्यावर वेदना, धाप आणि मनाचा ताण सांभाळणाऱ्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांचे नाव निघाले तर ‘आता सगळे संपले’ असे समजू नका. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचाराबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्या रुग्णांचे दिवस अधिक बरे गेले, आणि ते सरासरीने अधिक काळ जगलेही.

प्रश्न : माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे सिगारेट ओढली. आता फुप्फुसात 9 मिलिमीटरचा डाग आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करायला सांगितले आहे. भाऊ त्यांच्यावर रोज चिडतो. ते आता सिगारेट मोडून अर्धीच ओढतात आणि उरलेली अर्धी पाकिटात ठेवतात. मला त्यांचा राग येतो आणि मग रागाचीच लाज वाटते. हे तीन महिने कसे काढावेत?

उत्तर : एवढ्या आकाराच्या डागासाठी तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे ही मान्य पद्धत आहे, हेळसांड नव्हे. डाग वाढतो का हीच सर्वांत बोलकी तपासणी असते, आणि वाढ दिसायला वेळ जावा लागतो. तारीख आजच नक्की करून घ्या आणि जुन्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, कारण नव्या स्कॅनची तुलना तिच्याशी होणार आहे. शक्य असल्यास दोन्ही स्कॅन एकाच ठिकाणी करा.

तुमचा राग प्रेमातूनच आलेला आहे, त्याची लाज धरू नका. पण भावाला सांगा, की दोष ठरवण्याने त्या डागाचे काहीही होणार नाही. उलट बोलणी खाणारा माणूस खोकला वाढला किंवा थुंकीत रक्त दिसले तरी घरात सांगत नाही, आणि तेच आपल्याला परवडणारे नाही. सिगारेट आता सोडून काय उपयोग, असे वडील म्हणत असतील तर ते चुकीचे आहे : शस्त्रक्रिया करावी लागली तर गुंतागुंत कमी होते, उपचार अधिक सोसवतात, आणि डाग साधा निघाला तरी पुढच्या वर्षांचा धोका उतरतो. पाकिटातली ती अर्धी सिगारेट मला तरी हट्टाची खूण वाटत नाही. ते एकटे काहीतरी करू पाहत आहेत आणि त्यांना ते जमत नाही. निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी, आणि गरज पडल्यास गोळ्या, यांबद्दल छातीरोगतज्ज्ञांना याच भेटीत विचारा. आणि आज संध्याकाळी भाऊ घरात नसताना त्यांच्याजवळ बसून एवढेच म्हणा, की अर्धीच ओढता हे मी पाहिले आहे.