हम्बकरच्या पाच वायरी, सहा पायांचा स्विच अन् आमच्याकडची लाईन

तुमचा प्रश्न असा आहे, की गिटारच्या ब्रिजजवळच्या हम्बकरमधून (तारांचा आवाज पकडणारा दोन कॉइलींचा पिकअप) काळी, पांढरी, लाल, हिरवी अन् एक उघडी अशा पाच वायरी निघाल्यात, पुश-पुल पॉट (आवाजाचं बटण, वर ओढलं की पोटातला स्विच बदलणारं) आणून ठेवलाय, आणि तो वर ओढला की सिंगल कॉइलसारखा, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपसारखा, पातळ आवाज पाहिजे. कोणती वायर कुठे लावायची?

ते सांगतोच. पण त्याआधी एक म्हणणं ऐका: कॉइल स्प्लिट करू नका (म्हणजे एक कॉइल बंद करू नका), पॅरलल करा (दोन्ही समांतर जोडा). निदान तुम्ही माझ्यासारखे खेड्यात राहत असाल तर.

माझं वरूडकडे मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. संत्र्याचा पट्टा, बोअर खोल, उन्हाळा लागला की जळालेल्या सबमर्सिबल मोटरींची दारात रांग. गिटार हा रात्रीचा नाद. त्यामुळे पिकअप पहिल्यांदा उघडला तेव्हा मला तो वाद्यापेक्षा मोटरीचाच नातेवाईक वाटला. तार मात्र केसासारखी. ४२ नंबरची असते, पण तो नंबर अमेरिकन गेजचा, जाडी साधारण ०.०६३ मिलीमीटर. आपण दुकानात वापरतो त्या एसडब्ल्यूजीत, म्हणजे ब्रिटिश गेजात, ४२ नंबर म्हणजे ०.१ मिलीमीटर, म्हणजे बरीच जाड. तुटलेली कॉइल घरी भरायची हौस आली तर हा फरक ध्यानात ठेवा, मी एक रीळ फुकट घेऊन बसलोय.

हम्बकरमध्ये दोन कॉइली असतात. दोघींचे चुंबक उलटे अन् गुंडाळीही उलटी. तारेचा आवाज दोन्हीकडून एकाच दिशेनं येतो म्हणून त्याची बेरीज होते, आणि लाईनची ५० हर्ट्झची गुणगुण समोरासमोर येऊन कटते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला तो याच युक्तीसाठी. स्प्लिट केलं की तुम्ही एक कॉइल सरळ अर्थला टाकून देता. मग गुणगुण कटणार कुठून?

मी आधी स्प्लिटच केलं होतं. घरी झकास वाजलं. नवरात्रात मंडळाच्या स्टेजवर लाइटांच्या डिमरशेजारी उभा राहिलो, पॉट वर ओढला, अन् गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घूंऽऽ. गायक माइकवरच म्हणे, "काहून बे, मोटर चालू ठेवून आला का?" सारा मंडप हासून राहिला. मोटरवाल्याला याहून मोठा टोमणा नसते.

पॅरललमध्ये दोन्ही कॉइली चालू राहतात, म्हणून गुणगुण कटलेलीच राहते. आवाज पातळ अन् चकचकीत होतो, थोडा बारीकही होतो. हुबेहूब सिंगल कॉइल होत नाही, तेवढं खरं. स्प्लिट त्याच्या जास्त जवळ जाते. पण स्टेजवर घूं ऐकण्यापेक्षा हे बरं.

आता वायरी. इथं घोळ असा की रंग तेच, काम वेगळं. सिमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी हॉट (आवाज पुढे नेणारी वायर), पांढरी-लाल एकमेकींना जोडलेल्या, हिरवी अर्थ. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी जोडलेल्या, हिरवी अर्थ. कंपनी माहीत नसेल तर रंगावर जाऊ नका, मीटर घ्या. ज्या दोन वायरींत साधारण ४ किलोओहम दिसेल ती एक कॉइल. मीटर तसंच लावून ठेवा, त्या कॉइलच्या खिळ्यांवर पेचकस टेकवा अन् झटक्यात उचला. आकडा वर उडाला तर लाल प्रोब ज्या वायरीवर आहे तिला प्लस म्हणा. खाली गेला तर प्रोब बदलून पुन्हा पाहा. हेच दुसऱ्या कॉइलला. काट्याचं मीटर असलं तर काटा हललेला स्वच्छ दिसतो.

जोडणी डंकनच्या रंगांनी सांगतो. मीटरनं शोधलं असेल तर काळी अन् लाल म्हणजे दोन कॉइलींच्या प्लस, पांढरी अन् हिरवी त्यांच्या दुसऱ्या वायरी. पॉटच्या पोटाला सहा पाय आहेत, तीन-तीनच्या दोन रांगा. मधले दोन हे कॉमन. काळी सरळ व्हॉल्यूमच्या हॉटला, स्विचशी तिचा संबंध नाही. हिरवी अन् उघडी पॉटच्या पाठीवर, अर्थला. पांढरी एका मधल्या पायावर, लाल दुसऱ्या मधल्या पायावर. पॉट खाली दाबलेला असताना मधले पाय ज्या जोडीला मिळतात, त्या जोडीत एक छोटा जंपर: ही झाली सिरीज, म्हणजे नेहमीचा जाड आवाज. ती जोडी कोणती हे मीटरच्या बीपनं बघा, चित्रावर भरोसा ठेवू नका. उरलेल्या दोन पायांपैकी पांढरीच्या रांगेतला अर्थला, लालच्या रांगेतला हॉटला. झालं. थ्री फेज मोटरीची सहा टोकं स्टार-डेल्टा करणाऱ्याला हे पाणी पिण्यासारखं आहे.

पॉट ५०० के (किलोओहम) चाच ठेवा, २५० के लावला तर हम्बकर दबून जाते. पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी पॉलिश पेपर मारा अन् ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री वापरा. २५ वॅटची टेकवून बसाल तर सोल्डर चिकटायच्या आधी आतला पट्टा भाजेल.

गुणगुण तरीही राहिली तर दोष गिटारमध्ये नसूही शकतो. आमच्या भागात अर्धे बोर्ड नावालाच तीन पिनचे आहेत. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडते, त्यात पाणी टाका. ॲम्पची तिसरी पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. त्या गिटारच्या तारा धरून माइकला ओठ लावला की काय होते ते सांगायला नको. आणि न्यूट्रललाच अर्थ समजून जोडू नका.

झाकण लावायच्या आधी गिटारला केबल लावा, सिलेक्टर ब्रिजवर, व्हॉल्यूम पूर्ण, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर. खाली ८ किलोओहमच्या आसपास, वर ओढल्यावर २ दिसलं की काम बरोबर. वर ओढून ४ आलं तर त्या शेवटच्या दोन पायांपैकी एकावरचं सोल्डर सुटलंय, अन् ५०० च्या घरात आकडा गेला तर त्या दोन तारांची अदलाबदल झालीय.