माउस बाजूला ठेवून बघ

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली साइट पाहिली. कोड वाचायला सोपा आहे, फंक्शनचं नाव वाचलं की ते काय करतं ते कळतं. सुरुवातीलाच एवढं जमणं सोपं नाही. मग मी माउस बाजूला ठेवला आणि नुसती टॅब की दाबत वरचा मेनू उघडायला गेलो. फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या ज्या घटकावर आहे ती जागा, मेनूवर थांबलाच नाही, सरळ पुढच्या लिंकवर गेला. दिसायला ते बटण आहे, पण कोडमध्ये तो क्लिक लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) लावलेला डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेला साधा डबा आहे.

आता हाच डिव्ह तुला दुरुस्त करायचा झाला तर काय काय करावं लागेल बघ. फोकस मिळावा म्हणून टॅबइंडेक्स शून्य. स्क्रीन रीडरने (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) ‘बटण’ म्हणून सांगावं यासाठी रोल. एंटर आणि स्पेससाठी वेगळा लिसनर. त्यात पुन्हा स्पेस दाबली की पान खाली सरकतं, तेही थांबवायचं. शिवाय खरं बटण एंटर दाबताक्षणी चालतं आणि स्पेस सोडल्यावर चालतं, ही बारीक गोष्ट बहुतेक जण विसरतातच. एवढा सगळा खटाटोप बटण टॅगमध्ये आयता मिळतो. फक्त ते फॉर्मच्या आत असेल तर टाइपही ‘बटण’ लिही, नाहीतर ते फॉर्म सबमिट करून टाकेल. एरिया (ARIA), म्हणजे स्क्रीन रीडरला घटकाची माहिती देणारे जादा गुणधर्म, वापरण्याचा पहिला नियमही हेच सांगतो: एचटीएमएलचा मूळ घटक काम करत असेल तिथे एरिया आणू नको.

आता माझा मुख्य मुद्दा. मेनू उघडा आहे की बंद, ही माहिती तू तीन ठिकाणी ठेवली आहेस: एक व्हेरिएबल, यादीवरचा क्लास आणि बाणाच्या चिन्हावरचा दुसरा क्लास. एस्केप दाबल्यावर क्लास निघतात, व्हेरिएबल मात्र ‘ट्रू’च राहतं. म्हणून त्यानंतरचं पहिलं क्लिक वाया जातं आणि मेनू उघडायला दोनदा दाबावं लागतं. करून बघ, लगेच दिसेल. आणि स्क्रीन रीडरला यातलं काहीच कळत नाही, कारण तीनपैकी एकही जागा त्याला वाचता येत नाही.

माझं ऐकशील तर ती माहिती एकाच जागी ठेव: बटणाच्या एरिया-एक्स्पांडेडमध्ये, म्हणजे उघडं की बंद हे सांगणाऱ्या गुणधर्मात. जावास्क्रिप्टने फक्त ती किंमत उलटी करायची. यादी दाखवणं, बाण फिरवणं हे सीएसएसने तीच किंमत वाचून करायचं. कोड निम्म्यावर येईल, पण खरा फायदा वेगळाच आहे. किंमत चुकली तर मेनू पडद्यावरही चुकीचा दिसेल आणि चूक तुझ्याच नजरेला पडेल. नाहीतर स्क्रीन रीडरला चुकीचं सांगितलं जातंय हे डोळ्यांनी काम करणाऱ्याला महिनोन्‌महिने कळत नाही. सुबक कोड आणि सर्वांना वापरता येणारा कोड ही दोन वेगळी कामं आहेत असं तुला कोणी सांगितलं असेल, तर ते मला पटत नाही.

फोकसकडेही लक्ष दे. यादीतली ओळ ‘काढून टाका’ दाबून काढली की ते बटणही तिच्याबरोबर जातं, आणि त्यावरचा फोकस हरवतो. माउसवाल्याला काही जाणवत नाही. कीबोर्डवाल्याला मात्र आपण पानावर नेमके कुठे आहोत ते कळेनासं होतं. म्हणून ओळ काढण्याआधीच फोकस कुठे जाईल ते ठरव. मी पुढच्या ओळीच्या त्याच बटणावर नेतो. यादी रिकामी झाली तर वरच्या शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे एक (कोडने फोकस नेता येतो, टॅबने नाही) देऊन तिथे. ‘ओळ काढली’ हा संदेशही बोलून दाखवायचा असेल तर रोल ‘स्टेटस’ असलेला रिकामा घटक पान उघडतानाच तयार ठेव आणि मजकूर नंतर घाल. घटक आणि मजकूर एकदम टाकले तर तो अनेकदा वाचलाच जात नाही.

पॉपअपसाठी लिहिलेलं मोठं फंक्शन काढून टाक. डायलॉग टॅग २०२२पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये चालतो. तो शोमोडलने उघडलास की फोकस आत नेणं, मागचं पान निष्क्रिय करणं, एस्केपने बंद होणं आणि फोकस पूर्वीच्या जागी परत नेणं हे ब्राउझरच करतो. त्यातलं बंद करण्याचं चिन्ह मात्र मोठं कर. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाबण्याची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवी, नाहीतर भोवती पुरेसं अंतर तरी हवं.

फाइलींबद्दल फार बोलत नाही. प्रत्येक घटकाचं एक मॉड्यूल पुरे.

तपासायला विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मॅकवर व्हॉइसओव्हर आधीच असतो. आपोआप तपासणारी साधनंही चालव. चित्राचा पर्यायी मजकूर राहिला तर ती सांगतात. ओळ काढल्यावर फोकस योग्य जागी गेला का, हे तुलाच बघावं लागेल.

आधी मेनू आणि यादी एवढंच दुरुस्त करून पाठव. फॉर्ममधल्या एररचा विषय मोठा आहे, त्यावर पुढच्या पत्रात लिहितो.

कळावे, लोभ असावा.